ओढ्यापलीकडचा टॉवर

रुक्माबाई ऐन वेळी पायात चपला सरकवून माळाकडे धावतील आणि माझी सौम्या त्या घरात एकटी पडेल, ही भीती काही केल्या जात नाही. टिळकवाडीतला आमचा रस्ता कधीच शांत झाला. नात शेजारी झोपली आहे. मी लिहीत बसले आहे, कारण आडवं झालं की डोळ्यांपुढे तेच येतं: दार सताड उघडं, आत सौम्या, आणि गुडघ्यावर हात टेकत चढ चढणाऱ्या माझ्या विहीणबाई.

सौम्या माझी एकुलती मुलगी. तिला आठवा महिना आहे, दुसरी खेप. पहिलं बाळंतपण माझ्याकडे झालं म्हणून दुसरं सासरी, अशी आमच्या दोन्ही घरांची रीत. तरीही मी तिला उचलून आणलं असतं, पण तिचा रक्तदाब वाढला आणि निपाणीच्या डॉक्टरीणबाईंनी लांबचा प्रवास बंद केला. मला तिकडे जाऊन राहता येत नाही, कारण तिची थोरली मंजुश्री शाळेसाठी माझ्याकडे असते आणि तिला सांभाळायला दुसरं कोणी नाही. डॉक्टरीणबाईंनी बजावलं आहे की डोकं ठणकायला लागलं, डोळ्यांपुढे चमकायला लागलं, तर वाट बघायची नाही, त्या क्षणी फोन करायचा.

आणि त्या घरात फोनच लागत नव्हता.

घर निपाणीच्या पुढे, महाराष्ट्राच्या हद्दीला लागून असलेल्या कर्नाटकातल्या एका गावाच्या टोकाला आहे. घर म्हणजे पूर्वीची तंबाखूची वखार. मालाला बाहेरची हवा लागू नये म्हणून हातभर जाडीच्या दगडी भिंती, नावापुरत्या खिडक्या, वर पत्रा. रुक्माबाई चिकोडीकडून लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांचे यजमान भरमूअण्णा या वखारीचे राखणदार होते. पुढे तंबाखूचा व्यापार बसला, मालकाने अर्धी वखार त्यांना राहायला दिली आणि हळूहळू ती त्यांचीच झाली. रुक्माबाई दिवसा दुसऱ्यांच्या वखारीत तंबाखू निवडायच्या आणि घरी येऊन विड्या वळायच्या. आजही वळतात. मांडीवर सूप, सुपात पानं आणि जर्दा, आणि बोलताना बोटं चालूच. नजर समोरच्या माणसावर असते, हाताकडे कधी नसते.

सौम्याचं लग्न ठरवायला त्या आमच्याकडे आल्या तेव्हा मी बिचकले होते. पोरीला पदवीपर्यंत शिकवायची आणि वखारीत द्यायची? त्यांनी ते माझ्या तोंडावर वाचलं असावं. म्हणाल्या, "तुमची पोरगी कालेज शिकलीया. आमच्याकडं कालेजचं काय काम न्हाय बघा. पर साईराज ट्रक घेऊन बेंगळूरला जातोय, आठ-आठ दिस येत न्हाय. मला बोलायला मानूस लागतंय." मला ते आवडलं. हुंडा नको, मानपान नको, बोलायला माणूस हवं. सौम्याला तर माझ्याआधीच आवडलं होतं.

फोनचं दुखणं पहिल्यापासून होतं. कोणाशी बोलायचं तर घरामागचा माळ चढून बिरोबाच्या देवळाच्या कट्ट्यावर उभं राहायचं. तिथे रेंजची एखादी दांडी यायची. मी इकडून फोन केला की कन्नडमधून एक बाई अगदी शांतपणे सांगायची की तुम्ही फोन केलेला ग्राहक संपर्कक्षेत्राच्या बाहेर आहे. सौम्या संध्याकाळी माळावर जाऊन मला फोन करायची, तेवढ्यावर आम्ही दिवस काढले. रक्तदाबाचं निघालं आणि तिचं माळावर जाणं बंद झालं. मग तिच्या वतीने रुक्माबाई चढायच्या. दोन्ही गुडघे गेलेले. वर पोहोचून धापा टाकत मला सांगायच्या, "बरी हाय पोरगी. जेवली. झोपलीया." आणि मी विचारायची, आता या क्षणी ती एकटी आहे ना?

इलाज काही कमी केले नाहीत. साईराजने कंपनी बदलून पाहिली, तरी तेच. वाय-फाय घ्यावं म्हटलं तर तार ग्रामपंचायतीपर्यंत आलेली, टोकाच्या एका घरासाठी खांब कोण रोवणार? खासबागेतल्या मोबाईलच्या दुकानात मी चौकशी केली. त्याने छपरावर अँटेना आणि आत पेटी असा सरंजाम सांगितला. शेजारच्या दुकानदाराने हळूच सांगितलं की बाई, परवानगीशिवाय ती पेटी लावता येत नाही, आणि भलतीच निघाली तर आजूबाजूच्या सगळ्यांचे फोन बिघडतात. मी घेतली नाही.

गेल्या आठवड्यात राहवेना. मंजुश्रीला वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे ठेवलं आणि निपाणीची बस धरली. तिथून रिक्षाने गावात. रुक्माबाई दारातच होत्या.

"या विहीणबाई. हात रिकामं दिसत्यात. पेटी आननार हुता न्हवं?"

"नाही आणली. अख्ख्या गावाची रेंज जाईल म्हणे."

"मग बरं केलासा. तुमी टिळकवाडीत, आनि गावाच्या शिव्या खायला मी हितं!"

मग त्यांनी मला हाताला धरून आत नेलं आणि भिंत दाखवली. माळाच्या बाजूच्या भिंतीला गवंडी लावून त्यांनी भोक पाडून घेतलं होतं. डोकं आत जाईल एवढं. त्यात एक जुनं सूप बसवलेलं, सुपात सौम्याचा फोन.

"रेंज आत यावी म्हनून पाडलं. मालकाच्या वखारीला भोक! आमचं अण्णा असतं तर मला ह्याच भोकातनं भाईर घातलं असतं."

"मग? येते का?"

"वारं येतंय," सौम्या खाटेवरून म्हणाली. "आणि एक मांजर."

मी त्या भोकातून बाहेर पाहिलं. डावीकडे माळ. समोर ओढा, आणि ओढ्याच्या पलीकडे, उसाच्या शेतात, लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा कोरा करकरीत टॉवर. इतका जवळ की वर चढलेला माणूस ओळखू यावा.

"आणि हा?"

"त्यो तिकडचा. महाराष्ट्राचा," रुक्माबाई म्हणाल्या. "आपला न्हाय." दुसऱ्याच्या बांधावरचं आंब्याचं झाड दाखवावं तसं त्यांनी हनुवटीने दाखवलं.

मला ते पटलं. इथे बस, शाळा, रेशन, सातबारा, सगळं त्या ओढ्यापाशी बदलतं, तर रेंजही बदलत असेल. मी पुढे विचारलं नाही.

जेवणं झाली. सौम्या भाकरी चिवडत होती. आडवी झाल्यावर म्हणाली, "आई, डोकं दुखतंय गं."

"कधीपासून?"

"सकाळपासून. तू येणार होतीस, म्हणून बोलले नाही." थोड्या वेळाने डोळे चोळत म्हणाली, "तुझ्या तोंडाभोवती चमकतंय काहीतरी."

रुक्माबाईंनी मांडीवरचं सूप तसंच बाजूला टाकलं, जर्दा जमिनीवर सांडला. आपला फोन कमरेला खोचून त्या उठल्या. "तुमी पोरीजवळ बसा. मी फोन लावून येतो."

मी थांबा म्हणेपर्यंत त्या दाराबाहेर होत्या. दारातून मला त्या चढताना दिसत होत्या. एक पाय टाकायच्या, गुडघा दाबायच्या, दुसरा टाकायच्या. देऊळ तिथून फार वर वाटत होतं. मी सौम्याचा हात धरून बसले. हात सुजला होता, अंगठी रुतली होती, हे मी तेव्हा पाहिलं. बाहेर जाऊन हाका माराव्यात तर तिला सोडावं लागणार, आणि नाही सोडलं तर करायला काहीच नव्हतं.

तेवढ्यात माझी पर्स वाजली.

त्या घरात फोन वाजलेला मी कधी ऐकला नव्हता. सौम्यानेही डोळे उघडले. मी फोन काढून कानाला लावला तर एक मुलगी हिंदीतून विचारत होती, मॅडम, आपको लोन चाहिए क्या? मी खुळ्यासारखी ऐकतच राहिले. तिचा शब्दन् शब्द स्वच्छ ऐकू येत होता. मग भानावर येऊन तिला तोडलं आणि डॉक्टरीणबाईंना लावला. लागला. त्यांनी डाव्या कुशीवर वळवायला सांगितलं आणि ताबडतोब घेऊन या म्हणाल्या. मला सोडून गेलेल्या रिक्षावाल्याचा नंबर होता, त्यालाही लागला.

रुक्माबाई उतरून आल्या तेव्हा त्यांना श्वास पुरत नव्हता. "लागंना! तितंबी लागंना हो आज!" त्यांनी दारात वळणारी रिक्षा पाहिली. "ह्यो कसा आला?"

"मी फोन केला."

"कुठनं?"

"इथून. खाटेवरून."

भलत्या वेळी थट्टा करावी तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पण विचारत बसायला वेळ नव्हता. आम्ही दोघींनी मिळून सौम्याला रिक्षात बसवलं.

दवाखान्यात एक रात्र ठेवून घेतलं. रक्तदाब वर गेला होता, पण तपासण्या ठीक निघाल्या. गोळ्या वाढवल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, या वेळी निभावलं, पुन्हा असं झालं तर अर्धा तासही महागात पडेल. आई किंवा बाळ, कोणाचंच मी सांगू शकणार नाही. रुक्माबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांनी हे ऐकलं आणि पदर तोंडाला लावला.

दुसऱ्या दिवशी घरी परतल्यावर मी तिन्ही फोन खाटेवर ओळीने ठेवले. माझ्यावर रेंज भरून, त्यांच्या दोन्हींवर काही नाही. कंपनी तीच. माझ्या फोनवर एक मेसेज येऊन पडला होता: महाराष्ट्रात आपले स्वागत आहे. मी मोठ्याने वाचला.

रुक्माबाई एकदम ओरडल्या. "बंद करा त्यो! आदी बंद करा! तिकडचं धरलंय त्येनं. पैसं खाईल आनि बोलता बोलता तोंड दाबील!"

मला काही कळेना. नेमका तेव्हा साईराजचा बेंगळूरहून माझ्या फोनवर फोन आला, सौम्या कशी आहे विचारायला. मी स्पीकर लावून सगळं सांगितलं.

"मामी," जावई म्हणाला, "आमचं सगळ्यांचं फोन कर्नाटकावर बांधल्यात. आईनं. नवा फोन घरात आला की पैल्याच दिवशी."

"बांधलेत म्हणजे?"

"फोन आपला आपण जवळचा टॉवर धरतोय न्हवं? ते बंद करायचं, आनि यादीतनं फक्त कर्नाटकाचा धरायला लावायचा. पूर्वी हद्दीवरची सगळीच तसं करायची, रोमिंगच्या भीतीनं. माझा बेंगळूरच्या रस्त्याला झकास चालतोय. घरात म्हटलं भिंतीनं येत नसंल. त्यो नवा टॉवर व्हायच्या आदी तर तसंबी काय येत नव्हतं."

"आणि तुम्ही आईंना सांगितलं नाहीत की रोमिंग कधीच फुकट झालंय?"

"सांगितलं की. ऐकतीया व्हय ती?" मग त्याला हसू आलं. "अण्णा जन्मभर महाराष्ट्रात जायचं म्हणून मोर्चाला जायचं, आनि त्येंच्या घरातल्या फोनला तिकडं जायला बंदी!"

"दात काढू नगंस," रुक्माबाई म्हणाल्या. सौम्याशी थोडं बोलून साईराजने फोन ठेवला.

सूप मांडीवर होतं, पण त्यांची बोटं थांबली होती. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं.

"अण्णा मिरजेला दवाखान्यात हुतं," त्या म्हणाल्या. "साईराज ल्हान. मी हितं, विड्या द्यायच्या हुत्या. माळावर हुतो तवा दिराचा फोन आला. म्हनला, वयनी, दादा बोलतो म्हनतोय, घे. मी म्हनलं, द्या. त्येंचा आवाज आला. 'रुक्मा, ऐक.' एवढंच. तोंड दाबल्यागत झालं. तिकडचा टॉवर धरलता, बसल्या जागी पैसं संपलतं. निपानीला धावलो, पैसं भरलं, परत लावला. तर दीर रडत हुता."

सौम्या उठून बसली. तिलाही हे ठाऊक नव्हतं.

"काय सांगनार हुतं, कुनाला ठावं," रुक्माबाई म्हणाल्या. "त्याच दुकानदाराला मी म्हनलं, बाबा, असं परत हुता कामा न्हाय, काय करायचं ते कर."

त्याने त्यांना फोन बांधायला शिकवलं. रुक्माबाईंना वाचता येत नाही. कुठे दाबायचं, किती खाली जायचं, हे त्यांनी बोटांनी पाठ केलं. गल्लीतल्या बायका पदरात फोन घेऊन त्यांच्याकडे यायच्या आणि त्या अंगणात बसून सगळ्यांचे फोन बांधून द्यायच्या, चहाही पाजायच्या. फोन बदलले, बटणं गेली, काच आली, तरी त्यांनी साईराजकडून नवी वाट शिकून घेतली. मी त्यांना समजावलं की येणाऱ्या फोनचे पैसे जाणं बंद होऊन कितीतरी वर्षं झाली, आता टॉवर इकडचा असो की तिकडचा, काही फरक पडत नाही.

"कोन म्हनतंय?"

"सगळीकडे तसंच आहे, रुक्माबाई."

"मला तर कोन सांगाय आलं न्हाय."

बांधा म्हणून शिकवणारा होता, सोडा म्हणून सांगायला कोणी आलं नव्हतं, आणि मुलाचं सांगणं त्या पोराटकीचं बोलणं समजत होत्या.

शेवटी सौम्या म्हणाली, "आत्ती, माझा तरी सोडूया."

रुक्माबाईंनी सूप बाजूला ठेवलं. मग म्हणाल्या, "सूनबाईचा सोडा. तिच्या जिवाचा सवाल हाय. माझ्या फोनला हात लावायचा न्हाय."

"अहो पण का?"

"दोन्ही तिकडं गेलं आनि दोन्ही गप झालं तर? एक आपल्या मुठीत ऱ्हाऊ दे."

मी सौम्याचा फोन उघडला, तो बांधलेला पर्याय काढून टाकला. थोडा वेळ काही झालं नाही. मग दांड्या भरल्या आणि साठलेले मेसेज धडाधड येऊ लागले, फोन सतरंजीवर थरथरत फिरला. सौम्या खळखळून हसली. रुक्माबाई मात्र उतू जाणाऱ्या दुधाकडे बघावं तशा त्याच्याकडे बघत होत्या. निघताना मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलं की रात्री सौम्याचा फोन त्यांच्या उशाशी राहील. "ठेवतो की," त्या म्हणाल्या, "तुमच्या जिवाला बरं वाटंल."

तेव्हापासून सौम्या घरातूनच माझ्याशी बोलते. आवाज इतका जवळचा की मागे विड्यांची पानं कातरल्याचंही ऐकू येतं. मला झोप लागायला हवी होती. पण काल बोलताना ती सहज म्हणाली, "आई, आत्ती अजून माळावरच जातात गं, ह्यांना फोन करायला. माझा फोन शेजारी पडलेला असतो, तरी."

आणि आज दुपारी तिला चक्कर आल्यासारखं झालं. नुसतं उठताना अंधारी आली, बसल्यावर गेली. पण तेवढ्यात रुक्माबाईंनी आपला फोन कमरेला खोचला होता आणि त्या अंगणात पोहोचल्या होत्या. सौम्याने हाक मारून परत बोलावलं. "हात तिकडेच जातो गं त्यांचा," ती म्हणाली. तिच्या दृष्टीने ती गंमत होती.

आज ती हाक मारू शकली. ज्या दिवशी हाक मारता येणार नाही, त्या दिवशी रुक्माबाई कोणता फोन उचलतील? लागणारा फोन उशाशी ठेवून त्या माळ चढत असतील, आणि त्यांना वाटेल की आपण सुनेसाठी जिवाच्या आकांताने धावतोय. आणि ते खरंही असेल. प्रेमात त्या कुठेच कमी नाहीत, माझ्यापेक्षा तर नाहीतच. आणि त्यांना बोलून पटायचं नाही. तिकडच्या टॉवरवरून भरमूअण्णांनंतर त्या कोणाशी एक शब्दही बोललेल्या नाहीत. मीही नेहमी सौम्याशीच बोलते, 'आत्ती काय म्हणतात' एवढं विचारून ठेवते.

आत्ता, या रात्रीच्या वेळी, सौम्याचा फोन त्यांच्या उशाशी असेल. वाजला तर त्यांनाच उचलावा लागेल, अंथरुणातून, त्या घराच्या आतून. सौम्या आतल्या खोलीत असते, मधली भिंत हातभर जाडीची आहे, तिच्यापर्यंत आवाज जायचा नाही. तरी गेला तर? दचकून उठली तर? हे मी मघापासून उलटसुलट तोलते आहे. पण त्यांच्या हाताला एकदा सवय लावायची, तर पोरगी धडधाकट असतानाच लावायला हवी. आज रात्री, उद्या दुपारी, परवा पहाटे, वाटेल तेव्हा फोन करून त्यांनाच बोलायला लावायचं.

आधी त्या घाबरतील. मग ओरडतील, ह्या वक्ताला काय काढलासा विहीणबाई, पोर झोपलीया! ओरडू देत. मी सौम्याचा नंबर काढला आहे. लावते.